सेनापतीचा ऋतू

उत्तर चीनमधल्या माळांवर आणि शेताच्या बांधांवर माघ महिन्यात एक रोप डोकं वर काढतं. थंडी अजून सरलेली नसते, बाकीचं रान करडंच असतं. गेल्या वर्षी वाळलेल्या काटक्यांच्या बुडाशी बोटभर उंचीचा राखाडी-हिरवा झुबका दिसतो. पानं इतकी बारीक चिरलेली, की वाकून पाहिल्याशिवाय ती पानं आहेत हेच कळत नाही. त्यांच्यावर मऊ पांढरट लव असते. सुकला की हा झुबका आक्रसून कापसाच्या बोळ्यासारखा होतो आणि तळहातावर चुरडला की उग्र वास सुटतो. चव कडसर. या रोपाचं नाव यिनचेन. आठव्या शतकातल्या चेन त्सांगची या वैद्यानं नावाचा उलगडा करून ठेवला आहे. हे रोप हिवाळ्यात मरत नाही, जुन्या खोडातूनच पुन्हा फुटतं, म्हणून ते ‘जुन्यातून आलेलं’.

या रोपाची एक दंतकथा चीनमध्ये घरोघर सांगतात. हुआ तुओ हा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला नामांकित वैद्य. त्याच्याकडे कावीळ झालेला एक रोगी आला. अंग हळदीसारखं पिवळं, डोळे खोल गेलेले. हुआ तुओनं हात टेकले. काही महिन्यांनी तोच माणूस ठणठणीत होऊन रस्त्यात भेटला. कोणतं औषध घेतलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला, औषध कुठलं? दुष्काळ होता, पोटाला काही नव्हतं, रानातला एक पाला उपटून खात होतो. हुआ तुओनं तो पाला ओळखला, गोळा केला, दुसऱ्या रोग्यांना दिला आणि कुणालाच गुण आला नाही. तेव्हा तो परत त्या माणसाकडे गेला. कोणत्या महिन्यात खाल्लास? पहिल्या. हुआ तुओनं तोडला होता तिसऱ्या महिन्यात. मग पुढची तीन वर्षं त्यानं महिन्या-महिन्यानं पाला तोडून पाहिला आणि निष्कर्ष काढला, तो लोकांच्या तोंडी बसला: पहिल्या महिन्यात ते औषध, दुसऱ्यात नुसतं गवत, तिसऱ्या-चौथ्यात सरपण.

चिनी पंचांगाचा पहिला महिना म्हणजे साधारणपणे आपला माघ. आपली वसंतपंचमी बहुतेक वर्षी त्यांच्या नववर्षाच्या पाचव्या दिवशी येते. म्हणजे माघात औषध, फाल्गुनात गवत, चैत्र-वैशाखात सरपण, असं आपल्याला ते आपल्या महिन्यांत मोजता येतं. आणि हे रोपही आपल्याला अगदीच परकं नाही. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा आणि यिनचेन एकाच कुळीतले. वनस्पतिशास्त्रात दोघांचंही पहिलं नाव आर्टेमिसिया.

यकृत आणि वसंत यांचं नातं चिनी मनात किती जुनं आणि किती बारकाईनं पाहिलेलं आहे, ते या एका रोपात दिसतं. आज हेच नातं ‘लिव्हर क्लेन्झ’, ‘लिव्हर डिटॉक्स’ अशा नावांनी बाटलीत भरून जगभर विकलं जातं. वसंत आला, यकृत धुवून काढा, एकवीस दिवसांचा कोर्स घ्या, असं सांगताना पाच हजार वर्षांच्या चिनी ज्ञानाचा दाखला दिला जातो. म्हणून तो दाखला मुळातून पाहायला हवा. चिनी ग्रंथ वसंतात यकृत धुवायला सांगत नाहीत. ते जे सांगतात ते वेगळं आहे आणि माझ्या मते फार शहाणपणाचं आहे.

या परंपरेचा पाया म्हणजे ‘ह्वांगदी नेइजिंग’, पीतसम्राटाचा वैद्यकग्रंथ. सम्राट आणि त्याचा वैद्य यांच्यातल्या संवादाच्या रूपात तो लिहिलेला आहे आणि अभ्यासक त्याचं संकलन सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं मानतात. त्यात शरीर म्हणजे एक राज्य आहे. हृदय राजा, फुप्फुस मंत्री आणि यकृत सेनापती. डावपेच आखणं हे त्याचं काम. पित्ताशय त्याच्या शेजारचा न्यायाधीश, तो निर्णय देतो. पाच तत्त्वांच्या मांडणीत यकृताकडे लाकूड हे तत्त्व येतं. लाकूड म्हणजे इथे तोडलेलं लाकूड नव्हे, वाढणारं झाड. त्याच्यासोबत पूर्व दिशा, वारा, हिरवा रंग, आंबट चव, डोळे, स्नायुबंध, नखं, आणि भावनांमध्ये राग. ऋतू अर्थात वसंत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चिनी वैद्य ज्याला ‘गान’ म्हणतो ते शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसणारं यकृत जसंच्या तसं नाही. ‘गान’ म्हणजे कामांचा एक गट: रक्त साठवणं, शरीरातला प्रवाह मोकळा ठेवणं, मन ताणलं जाऊ न देणं. हा प्रवाह अडला की बरगड्यांखाली जडपणा येतो, सुस्कारे सुटतात, चिडचीड होते, भूक मंदावते, असं हे वैद्यक मानतं. त्यावरच्या उपायाला ‘शू गान’ म्हणतात. ‘शू’ म्हणजे तुंबलेला पाट मोकळा करणं. चिखल उपसणं किंवा भांडं घासणं हा अर्थ त्यात नाही. शेतकऱ्याला हा फरक लगेच कळेल.

आणि वसंताची दिनचर्या? ‘नेइजिंग’ सांगतो: रात्री थोडं उशिरा झोपा, पहाटे लवकर उठा, अंगणात ऐसपैस फेऱ्या मारा, केस मोकळे सोडा, कपडे सैल ठेवा. जे उगवतंय त्याला वाढू द्या, मारू नका. द्या, हिसकावू नका. एवढंच. या नियमांच्या उलट वागलात तर यकृताला इजा होते, असं तो बजावतो. जुलाब नाहीत, उपास नाही, काढा नाही. वसंत हा यकृताच्या चढाचा काळ. त्याच्या आड येऊ नका, असा या सगळ्याचा रोख आहे.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपली भाषाही यकृतात भावना ठेवते. काळीज हा शब्द आपण आज हृदयासाठी वापरतो, पण त्याचा मुळातला अर्थ यकृत. मटणाच्या दुकानातली कलेजी ही त्याचीच सख्खी बहीण. आई लेकराला काळजाचा तुकडा म्हणते. चिनी आई आपल्या पोराला लाडानं ‘शिन-गान’ म्हणते, हृदय आणि यकृत. रागावलेल्या माणसाचं आपल्याकडे पित्त खवळतं, त्यांच्याकडे यकृताचा अग्नी भडकतो. जिवाभावाच्या मित्रांबद्दल चिनी माणूस म्हणतो की त्यांची यकृतं आणि पित्ताशयं एकमेकांना उजळतात. रात्र रात्र जागून काम करण्याला आजचे चिनी तरुण ‘बाओ गान’ म्हणतात, म्हणजे यकृत फुटणं. दोन हजार वर्षांची कल्पना मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांच्या तोंडात जिवंत आहे.

आता जेवणाकडे येऊ. इथेच बाजारातल्या सल्ल्यांचा आणि ग्रंथांचा सर्वांत मोठा विरोध आहे. आंबट चव यकृताची, म्हणून वसंतात रोज सकाळी लिंबूपाणी घ्या, व्हिनेगर घ्या, यकृत साफ होईल, असं सांगितलं जातं. सातव्या शतकातला सुन सिमियाओ, ज्याला चीनमध्ये औषधांचा राजा म्हणतात, तो याच्या नेमकं उलट सांगून गेला आहे: वसंतात आंबट कमी करा, गोड वाढवा आणि प्लीहेला जपा. कारण साधं आहे. वसंतात यकृत आधीच जोरात असतं. पाच तत्त्वांच्या हिशेबात लाकूड मातीवर मात करतं आणि माती म्हणजे प्लीहा, पचनाची सूत्रधार. जोरात असलेल्या सेनापतीला आणखी रसद दिली तर तो पचनावर चालून जाईल. म्हणून आंबट आवरायचं. गोड म्हणजे साखर नव्हे. या परंपरेत गोड म्हणजे तांदूळ, राळ्यासारखी बारीक धान्यं, खजुरासारखी दिसणारी लाल चिनी बोरं, रताळ्या-सुरणाच्या जातीचे कंद. ज्यांना आपण पोटाला हलकं म्हणतो ते पदार्थ.

हा तर्क आजच्या शरीरशास्त्राला धरून आहे असं मी म्हणणार नाही. तो त्याच्या जागी, त्याच्या व्यवस्थेत सुसंगत आहे, एवढंच. पण या व्यवस्थेचं नाव घेऊन जो सल्ला विकतो त्यानं निदान तिचा सल्ला उलटा करू नये.

चिनी वसंताचं ताट मात्र बघण्यासारखं असतं. ४ फेब्रुवारीच्या सुमारास ‘लीचुन’ येतो, सौर कालगणनेतल्या चोवीस पर्वांपैकी पहिला, वसंतारंभ. त्या दिवशी उत्तरेकडे ‘वसंताचा घास घेतात’: पातळ पोळीत मोड आलेली कडधान्यं आणि पातीसारख्या भाज्या गुंडाळून खायच्या, नाहीतर कच्च्या मुळ्याचा कचकन तुकडा तोडायचा. शांघायच्या बाजूला रानातली ‘जीत्साय’ येते. ती मोहरीच्या कुळातली, जमिनीला चिकटून वाढणारी नाजूक भाजी आहे. ती बारीक चिरून मांसात मिसळतात आणि वाँटनच्या पारीत भरतात. हूनान-हूपेइमध्ये तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला याच भाजीच्या जुड्यांबरोबर अंडी उकडण्याची रीत आहे. मग ‘श्यांगचुन’ येतो. हा एका झाडाचा कोवळा, तांबूस कोंब, वास कांद्या-लसणाच्या जवळपासचा. तो आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर धरतात. तांबडा रंग डोळ्यांदेखत हिरवा होतो. हे केवळ रंगासाठी नाही. या कोंबांत नायट्राइटचं प्रमाण बरंच असतं आणि ते त्या पाण्यात उतरतं. पाणी टाकून द्यायचं, कोंब चिरायचे आणि अंड्यात फेटून तव्यावर टाकायचे.

एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, पितरांच्या कबरी साफसूफ करण्याचा दिवस. त्या दिवसांत यांगत्सेच्या दक्षिणेकडे ‘छिंगतुआन’ करतात. पुन्हा दवण्याच्या कुळीतलाच एक पाला उकडायचा, वाटायचा, त्याचा रस चिकट तांदळाच्या पिठात मुरवायचा. उकडीसारखं पीठ मळायचं, हातावर पारी करायची, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरायचं आणि बांबूच्या करंडीत वाफवायचं. आपल्याकडच्या उकडीच्या मोदकाची ही हिरवी, बिनकळ्यांची चुलत भावंडं. झाकण काढल्यावर रंग पाचूसारखा दिसतो आणि वर तेलाचा हात फिरवला की चमकतो.

कोवळं, हिरवं, थोडं कडू आणि ताजं, असं हे ताट आहे. उत्तर गोलार्धातल्या शेतकऱ्याचा हिवाळा साठवलेल्या कोबीवर, खारवलेल्या मांसावर, धान्यावर गेलेला असायचा. बर्फ वितळताच उगवणारा पहिला पाला म्हणजे तोंडाला चव आणि शरीराला जीवनसत्त्वं. आपण पाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला गूळ, ओवा, हिंग घालून खातो, तेही ऋतूच्या उंबरठ्यावरचंच कडू. अशा जेवणाला मी मनापासून चांगलं म्हणेन. यकृत ‘साफ’ करतं म्हणून नव्हे. भाजीपाला जास्त, तळकट-गोड कमी, हे यकृताच्या भल्याचं आहे म्हणून.

चहाच्या पेल्याचंही तसंच. शेवंतीची वाळलेली फुलं आणि चार-सहा लाल गोजी बेऱ्या गरम पाण्यात टाकतात. फुलं पाण्यावर उमलतात आणि पाणी फिकट पिवळं होतं. डोळ्यांवर ताण आला, यकृताची उष्णता वाढली की चिनी घरात हा पेला समोर येतो, कारण डोळे ही यकृताची खिडकी. याच कामासाठी भाजलेल्या बियांचा आणखी एक चहा करतात, ‘ज्युएमिंग’ म्हणजे डोळे उजळणारा. त्या बिया कशाच्या, तर टाकळ्याच्या. पावसाळ्यात कोकणात ज्याची कोवळी भाजी आपण करतो तोच टाकळा. पण त्याचा सख्खा भाऊ कासविंदा जीवघेणा. पश्चिम उत्तर प्रदेशात हिवाळ्याच्या तोंडाशी लहान मुलं दरवर्षी अचानक आजारी पडून दगावत होती. मेंदूचा ताप समजून वर्षानुवर्षं उपचार चालले होते. डॉक्टरांनी चिकाटीनं माग काढला तेव्हा कळलं, की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या आणि त्या विषानं यकृत, स्नायू आणि मेंदू निकामी केले होते. फूल तसंच पिवळं. एकाच्या बिया चहात, दुसऱ्याच्या बियांनी मृत्यू.

आता खुद्द यकृताकडे वळू. उजव्या बरगड्यांखाली बसलेला सुमारे दीड किलोचा हा अवयव. त्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं आणि त्यातलं तीन चतुर्थांश थेट आतड्यांकडून येतं. तुम्ही खाल्लेलं, प्यालेलं, गिळलेलं जवळपास सगळं आधी इथे तपासलं जातं. प्रथिनं मोडताना तयार होणारा अमोनिया मेंदूला घातक. यकृत त्याचं युरिया करतं आणि तो लघवीतून जातो. औषधं, मद्य, बाहेरची रसायनं यांच्यावर ते दोन टप्प्यांत काम करतं. आधी त्यांचा रेणू थोडा बदलतं, मग त्याला दुसरा एखादा रेणू जोडून पाण्यात विरघळणारा करतं. मग तो पित्तात जातो किंवा लघवीत. पित्त रोज अर्धा ते एक लिटर तयार होतं. हे सगळं दिवसरात्र चालू असतं. विषं गाळून साठवून ठेवणारी ही जाळी नाही, की जी ऋतू बदलला की झटकावी.

यकृतात खरोखर साठते ती चरबी. आणि तिचं प्रमाण आपल्या देशात फार वाढलं आहे. गोड पेयं, मैदा, तेल, बसून काम, पोटाचा घेर, मधुमेह ही त्यामागची कारणं. ती चरबी कशानं उतरते हेही आता चांगलं माहीत आहे. वजन पाच टक्क्यांनी उतरलं तर यकृतातली चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही ओसरते. ऐंशी किलोच्या माणसासाठी हे सहा ते आठ किलो झाले. एकवीस दिवसांत नव्हे, सहा महिन्यांत, वर्षात. आणि यकृताला ती संधी घेता येते. १९३१मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला. उरलेल्या तुकड्यानं सुमारे आठवड्या-दीड आठवड्यात मूळचं वजन भरून काढलं. आज बाप मुलाला यकृताचा भाग देतो ते याच गुणाच्या भरवशावर.

धुण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मात्र वेगळाच आहे: दिवसभर सफरचंदाचा रस, संध्याकाळी पेलाभर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस, आणि सकाळी शौचातून हिरवे, मऊ ‘खडे’. लोक ते गाळून घेतात, मोजतात, फोटो काढतात. पित्ताशयातले खडे पडले याचा पुरावा म्हणून. २००५मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका चाळीस वर्षांच्या बाईचे असे खडे तपासल्याचा अहवाल आला. त्यात कोलेस्टेरॉल नव्हतं, बिलिरुबिन नव्हतं, कॅल्शियम नव्हतं. म्हणजे पित्ताच्या खड्यात जे असायला हवं ते काहीच नव्हतं. ७५ टक्के मेदाम्लं होती. डॉक्टरांनी तेलातलं मेदाम्ल, लिंबाचा रस आणि थोडा अल्कली मिसळून तसेच पांढरे गोळे बाहेर तयार करून दाखवले. तो साबण होता, आदल्या रात्री प्यालेल्या तेलाचा पोटात झालेला. त्या बाईच्या पित्ताशयातले खरे खडे जागेवरच होते. पुढे शस्त्रक्रिया करून काढावे लागले.

मग चिनी औषधं सगळीच निरुपयोगी? नाही. यिनचेनकडेच परत जाऊ. इ.स. २००च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्यानं ‘शांगहान लुन’मध्ये यिनचेन, गार्डेनियाचं फळ आणि रेवाचिनी यांचा काविळीवरचा काढा लिहून ठेवला. २००४मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की यिनचेनमधलं स्कोपारोन हे द्रव्य यकृताच्या पेशीतला एक ग्राही चालू करतं आणि त्यामुळे बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, रक्तातून लवकर निघून जातो. माघातल्या त्या लव असलेल्या झुबक्यात काहीतरी आहे, हे त्या लोकांनी डोळ्यांनी आणि जिभेनं ओळखलं होतं. पण ज्या औषधात परिणाम आहे त्यात धोकाही असतो. आणि पिवळेपणा जाणं म्हणजे आजार जाणं नव्हे.

त्या धोक्याची उदाहरणं कमी नाहीत. ‘ह शौ वू’ ही मुळी चीनमध्ये यकृत-मूत्रपिंडाला बळ देणारी आणि केस काळे ठेवणारी म्हणून शतकानुशतकं खाल्ली जाते. तिच्यामुळे यकृताला सूज आल्याच्या इतक्या नोंदी झाल्या, की २०१४मध्ये चीनच्याच औषध नियामकांनी इशारा दिला. ‘श्याओ छायहू तांग’ हा ‘शांगहान लुन’मधलाच सात द्रव्यांचा काढा. जपानमध्ये तो जुनाट यकृतदाहासाठी लाखो लोकांना दिला जात होता. मार्च १९९६मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयानं तातडीची सूचना काढली: हा काढा घेणाऱ्या ८८ जणांच्या फुप्फुसांना सूज आली होती आणि त्यांतले १० दगावले होते. आपल्या घरातलं उदाहरण गुळवेलीचं. २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखली नसावी असं म्हटलं. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. गुळवेल घेणारे हे बहुतेक लोक प्रतिकारशक्ती वाढवायला निघाले होते.

मला यात सर्वांत जास्त खुपतं ते हे, की यकृत दुखत नाही. ते निम्मं खराब होईपर्यंत बोलत नाही. त्यामुळे ‘साफ’ करणारी पावडर घेणारा माणूस बरं वाटतंय असं समजत राहतो. डोळे पिवळे होतात तेव्हा उशीर झालेला असतो.

शेवटी शांघायची गोष्ट सांगायला हवी, कारण चीनमध्ये यकृताचं खरं संकट वसंतात आलं होतं. १९८७-८८च्या हिवाळ्यात शेजारच्या छीदोंगच्या किनाऱ्यावरून ‘माओ हान’ शिंपल्यांचं भरघोस पीक शहरात आलं. आपल्या तिसऱ्यांसारखेच, पण कवचावर बारीक केसांची लव. शांघायकरांचा तो जीव की प्राण. ते उकडत नाहीत; वरून उकळतं पाणी ओततात, कवचं जरा उघडली की आतलं लालसर, जवळजवळ कच्चं मांस सोया आणि आल्याबरोबर खातात. शिंपला दिवसभर समुद्राचं पाणी गाळतो. ते पाणी मैल्यानं दूषित असेल तर त्यातला विषाणू तो स्वतःत गोळा करत जातो. जानेवारी ते मार्च १९८८ या काळात शहरात हिपॅटायटिस ए झालेल्यांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेली. रुग्णालयं भरली, तेव्हा शाळा आणि कारखान्यांच्या जागांत खाटा टाकल्या. लोक ‘बानलानगेन’ या मुळीच्या पुड्यांसाठी दुकानांपुढे रांगा लावून उभे होते. साथ थांबली ती शिंपल्यांची विक्री बंद केल्यावर. आजही शांघायमध्ये त्यांच्या विक्रीला बंदी आहे.

आणि त्याहून मोठी गोष्ट हिपॅटायटिस बी विषाणूची. १९९२च्या राष्ट्रीय पाहणीत चीनमध्ये जवळपास दर दहा माणसांमागे एकाच्या रक्तात हा विषाणू ठाण मांडून बसलेला आढळला. हाच विषाणू पुढे वीस-तीस वर्षांनी काहींचं यकृत कडक करतो, कर्करोग करतो. बहुतेकांना तो जन्माच्या वेळी आईकडून किंवा लहानपणी मिळालेला. त्याच वर्षी चीननं बाळांना लस देण्याची शिफारस केली, २००२मध्ये ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली, २००५पासून पूर्ण मोफत झाली. पहिला डोस जन्मापासून चोवीस तासांच्या आत. पाच वर्षांखालच्या मुलांत या विषाणूचं प्रमाण १९९२मध्ये ९.६७ टक्के होतं. २००६मध्ये ०.९६ झालं. २०१४मध्ये ०.३२. कोट्यवधी चिनी यकृतं विषापासून वाचली ती अशी.

म्हणून वसंत आला की हिरव्या भाज्या खा, पहाटे उठून अंगणात फेऱ्या मारा, राग आवरा, शेवंतीचा चहा आवडत असेल तर जरूर प्या. दारू पीत असाल तर सोडा. कोणतीही मुळी, पावडर, काढा रोज घेत असाल तर डॉक्टरांना त्याचं नाव सांगा. आणि एक काम याच आठवड्यात करा. आपल्याकडे हिपॅटायटिस बीची लस देशभरच्या बालकांच्या लसीकरणात २०११पासून आली. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांनी ती घेतलेली नाही आणि तपासणीही केलेली नाही. २८ जुलै २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. रक्ताचे दोन-चार थेंब लागतात. स्वतः जा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बरोबर न्या.